पाणवठ्याची जागा

वैशाखातली सकाळ, साडेसहाचा सुमार.
ममदापूरच्या माळावर आम्ही दोघंच:
मी, नवी वनरक्षक, मोज्यांत कुसळं घेऊन,
आणि पुंजाबा, पंच्याहत्तरीचा, डाव्या डोळ्यात फूल पडलेला.

कागदावर एवढंच होतं:
सिमेंटची कुंडी, नग एक. जागा वनरक्षकाने ठरवावी.
गावात विचारलं तर सगळ्यांनी त्याच्याच घराकडं बोट केलं,
आणि बोट केल्यावर थोडं हसले.

चालताना तो बोलत नव्हता.
मधेच चिमूटभर माती हवेत सोडायचा,
ती कुठं जाते ते बघायचा,
मग पुढं.

पहिली जागा मी दाखवली. हिवराची सावली,
शेजारी घळ, घळीत अजून ओल.
पाणी गार राहील, म्हणाले.
त्यानं हिवराच्या बुंध्याला हात लावला,
जुन्या सोयऱ्याच्या खांद्याला लावावा तसा.
"इथं मी बसायचो, बाई.
पाठीला खोड, पुढं तरवड,
उगवतीचं ऊन त्यांच्या डोळ्यात,
वारं त्यांच्याकडून माझ्याकडं.
ठासणीची होती. बार एकच मिळायचा."

खचलेल्या बांधापाशी बोरीची जाळी.
मी काही म्हणायच्या आत:
"इथं थोरला भाऊ."

मग लेंड्यांचा एक ढीग, वरचा थर ताजा.
"नर रोज येतो, रोज इथंच.
आपण सातबारा काढतो, तो हे करतो.
ज्याला हा ढीग सापडला
त्याला हिंडायची गरज नाही,
नुसतं थांबायचं."

माझ्या नकाशात पायवाटा होत्या, तारेचं कुंपण, गट नंबर.
त्याच्या नकाशात फक्त आडोसे.
दहा वाजेपर्यंत आम्ही सगळे पाहिले,
आणि दरवेळी तो मान हलवून पुढं गेला.

शेवटी थांबला तो पार उघड्या खडकावर.
झाड नाही, झुडूप नाही, गवतसुद्धा घोट्याएवढं.
वारा इथं एका बाजूनं येतच नव्हता,
सोडलेली माती त्याच्याच धोतरावर परत आली.
"इथं," म्हणाला.

इथं? दुपारी चहासारखं तापेल पाणी.

"तापू द्या. ती पहाटं येतील, सांजचं येतील.
पण येणाऱ्या दुसऱ्यानं बसायचं कुठं, सांगा?
पालथा पडला तरी ढुंगण दिसंल अर्ध्या कोसावरून."

मी हसले. तो हसला नाही.
एवढ्या वाईट जागेसाठी
एवढ्या चांगल्या जागा ठाऊक असाव्या लागतात,
हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

परतताना विचारलं, कधी सोडलीत शिकार?
"सोडली कुठं? बंदूक पोलिसांनी नेली.
लोकांना वाटतं मला उपरती झाली.
अजून हरीण दिसलं की हे बोट हलतं."
आणि उजव्या हाताची तर्जनी दाखवली,
नख काळं, पेर वाकडं,
शेळी दाखवावी तशी, विकायला आणलेली.

कुंडी झाली. येवल्याहून टँकर आला.
पौर्णिमेच्या रात्री मोजणीला बसायचं
तर जवळपास बसायला जागाच नाही.
लांब, जीपच्या टपावर, दुर्बीण घेऊन बसलो.
वारा आमच्या पाठीवरून त्यांच्याकडं जात होता,
माझा साबण, त्याची तंबाखू, डिझेल, सगळं घेऊन.

आली तरीही. आधी माद्या, मग पाडसं,
मग तो काळा, शिंगांचा पीळ मिरवत,
पाण्यापाशी थांबला, मान वर केली
आणि सरळ आमच्याकडं बघितलं.

पुंजाबाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.
मी दुर्बीण खाली घेतली नाही,
त्याच्या हाताकडं बघितलं नाही.

वहीत लिहिलं: तेरा.
"चौदा," तो म्हणाला.
"एक पाडस आईच्या आड आहे. पाय मोजा."

पाय मोजले.
चौदा.